बांधावरचा पहारेकरी

वाचकहो, बांधाचं भांडण तुम्हांला समजावून सांगायला नको. एक भाऊ म्हणतो, तू बांध माझ्या वावरात सरकवलास. दुसरा म्हणतो, तो तर तुझ्या बापानंच आधी सरकवला होता. शब्दाला शब्द वाढतो, कुऱ्हाडी बाहेर निघतात. मग पोलीसपाटील धावत येतात आणि दोघांच्या मध्ये उभे राहतात. तेवढ्यापुरती डोकी फुटायची वाचतात. पण पाटील बांध मोजत नाहीत, वाटणीही करून देत नाहीत. ते काम मोजणीवाल्याचं, पंचांचं, आणि अखेर त्या दोघा भावांचंच.

आता अशी कल्पना करा, की पाटील मध्ये उभे राहिले, भाऊ आपापल्या घरी गेले, आणि मोजणीच्या दिवशी दोघांचं काही जमलंच नाही. वर्ष गेलं, दहा वर्षं गेली, साठ गेली. एक पाटील थकले, दुसरे आले, तिसरे आले. बांधावर झाडंझुडपं माजली. नातवंडांना भांडण तोंडपाठ, पण बांधापलीकडच्या चुलतभावाचा चेहरा ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? असतं. ते गाव नव्हे, देश आहे. त्याचं नाव सायप्रस.

या देशाची ओळख मला झाली ती लंडनात. उत्तर लंडनात ग्रीन लेन्स नावाचा एक लांबच लांब रस्ता आहे. काही वर्षं माझं बिऱ्हाड त्याच्याजवळ होतं. कोथिंबीर, भेंडी, वांगी, डाळिंबं अशी आपल्याकडची ओळखीची जिन्नसं त्या रस्त्यावर मिळायची, म्हणून माझी फेरी ठरलेली. एका दुकानाचा मालक सायप्रसचा ग्रीक, चार दुकानं सोडून दुसऱ्याचा मालक सायप्रसचा तुर्क. दोघांच्याही काउंटरवर तेच खारट पांढरं चीज. एक त्याला हलूमी म्हणे, दुसरा हेल्लिम. दोघेही छोट्या पेल्यात तीच दाट काळी कॉफी पाजत. एक तिला ग्रीक कॉफी म्हणे, दुसरा तुर्की. एकाकडची सुटी नाणी संपली की पोऱ्या दुसऱ्याकडे धावे. त्यांचं सगळं सुखानं चाललेलं. पण मायदेशाचा विषय निघाला, की दोघांचेही चेहरे बदलत. एक १९७४ साल सांगे, दुसरा १९६३. आणि मौज अशी की, दोघांच्याही गोष्टीत स्वतःचा दोष म्हणून कधी नसे.

मग मी त्या देशाचा इतिहास वाचायला घेतला. तो थोडक्यात सांगतो. मास्तर मंडळींनी भिंतीवरचा नकाशा जवळ घ्यावा.

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या दक्षिणेला हे बेट आहे. क्षेत्रफळ ९२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडं कमीच. इंग्रजांनी इथं १८७८ साली पाय ठेवला, आणि १६ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. त्या वेळी वस्तीत दर पाच माणसांमागे साधारण चार ग्रीक भाषा बोलणारे ख्रिस्ती, आणि एक तुर्की बोलणारा मुसलमान. कित्येक गावांत दोघांची घरं शेजारीशेजारी होती.

राज्यघटना मात्र अशी बनली, की जिथंतिथं दोघांचे वाटे. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क. सभागृहात पन्नास जागा, त्यांत पस्तीस ग्रीकांच्या, पंधरा तुर्कांच्या. सरकारी नोकऱ्यांत शंभरांत सत्तर आणि तीस. महत्त्वाच्या गोष्टी अडवण्याचा हक्क दोघांनाही. शिवाय ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन देश जामीनदार. आता तुम्हीच पाहा, ज्या घरात प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असतं, त्या घरात स्वयंपाक कमी आणि मोजदाद जास्त व्हायची. ग्रीकांना वाटे, आपण इतके जास्त असून हात बांधलेले. तुर्कांना वाटे, एवढाही आधार गेला तर आपलं काही खरं नाही. बऱ्याच ग्रीकांच्या मनात बेट ग्रीसला जोडावं असं होतं, बऱ्याच तुर्कांच्या मनात बेटाची फाळणी व्हावी असं. दोघांचं मिळून असलेलं सायप्रस हवं असणारे थोडेच उरले. अध्यक्ष मकारिओस यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये घटनेत तेरा बदल सुचवले, आणि डिसेंबरात राजधानी निकोसियात दंगल पेटली.

तेव्हा एका इंग्रज सेनापतीनं शहराचा नकाशा घेतला आणि हिरव्या पेन्सिलीनं मधून एक रेघ ओढली. अलीकडं ग्रीक, पलीकडं तुर्क. तिचं नाव पडलं हिरवी रेषा. ही रेघ तात्पुरती होती, बरं का.

पुढं ४ मार्च १९६४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीनं सायप्रसमध्ये शांतिसेना धाडायचं ठरवलं. मुदत होती तीन महिन्यांची. इथं आपला संबंध येतो. या सेनेचे पहिले सेनापती होते भारताचे लेफ्टनंट जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर आले जनरल थिमय्या, आपले माजी सरसेनापती. कोरियातलं युद्ध थांबल्यावर तिथल्या युद्धकैद्यांचा अवघड प्रश्न ज्या तटस्थ आयोगानं हाताळला, त्याचे अध्यक्ष हेच होते. सायप्रसमध्ये काम करीत असतानाच १८ डिसेंबर १९६५ रोजी त्यांना मृत्यू आला. दुसऱ्या वर्षी त्या देशानं त्यांच्या स्मरणार्थ टपालाचं तिकीट काढलं. परक्या देशानं आपल्या सेनापतीची अशी आठवण ठेवावी, हे लहान काम नव्हे.

आता शांतिसेना म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण पुष्कळांचा इथं घोटाळा होतो. लढाई जिंकायला निघालेली ही फौज नव्हे. तिचे तीन नियम असतात. पहिला, भांडणाऱ्यांची संमती असल्याशिवाय जायचं नाही. दुसरा, कुणाचीही बाजू घ्यायची नाही. तिसरा, स्वतःच्या बचावासाठी आणि नेमून दिलेल्या कामाच्या रक्षणासाठी अगदी नाइलाज झाला तरच बंदूक चालवायची. निळी टोपी घालायची ती लपण्यासाठी नव्हे, लांबून दिसण्यासाठी. शिपायाला सारं शिक्षण लढण्याचं दिलेलं असतं, आणि इथं त्याचं काम असतं न लढण्याचं. दगड आला तरी उभं राहायचं, शिवी आली तरी नोंद करायची. हे सोपं नाही. अशा कामांत आजवर आपले दीडशेहून जास्त जवान निरनिराळ्या देशांत कामी आले आहेत.

पण या कामाला मर्यादाही आहे, आणि ती १९७४ साली सगळ्यांना दिसली. त्या वर्षी १५ जुलैला ग्रीसमधल्या लष्करशाहीच्या चिथावणीनं सायप्रसच्या फौजेनंच मकारिओस यांचं सरकार उलथून टाकलं. पाचच दिवसांनी तुर्कस्ताननं उत्तर किनाऱ्यावर फौज उतरवली. शांतिसेना मध्ये होती, पण दोन्हीकडून रणगाडे आले तर निळी टोपी त्यांना अडवू शकत नाही. तेव्हाही सेनापती भारतीयच होते, प्रेमचंद. निकोसियाच्या विमानतळासाठी लढाई जुंपली असताना तो राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली असल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि त्यांची थोडी माणसं तिथं पाय रोवून राहिली. तेवढी एक जागा लढाईतून वाचली. बाकी बेट दुभंगलं. दीड लाखाहून जास्त ग्रीक दक्षिणेला पळाले, चाळीस हजारांहून जास्त तुर्क उत्तरेला गेले. बेटाचा सुमारे छत्तीस टक्के भाग तुर्की ताब्यात गेला. १९८३ साली तिथं वेगळं राज्य जाहीर झालं. तुर्कस्तानखेरीज कुणीही त्याला मान्यता दिलेली नाही.

शहरातली ती पेन्सिलीची रेघ मग बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आज हा मधला पट्टा सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. कुठं सात किलोमीटर रुंद, तर निकोसियाच्या जुन्या गल्ल्यांत इतका अरुंद, की दोन्हीकडच्या गच्चीवरच्या माणसांना एकमेकांचा खोकला ऐकू यावा. तीन महिन्यांसाठी आलेली सेना साठ वर्षांनंतरही तिथंच आहे. माणसं आता आठशेच्या आसपास. पट्ट्यात ओस घरं आहेत, बंद विमानतळ आहे, १९७४ मध्ये विक्रीला आलेल्या आणि एकदाही न विकलेल्या मोटारी धूळ खात पडल्या आहेत. काही ठिकाणी शेतकऱ्यांना परवाना काढून शेती करता येते. पेरणी आणि नांगरणी पाहायला पहारेकरी उभा. पिला नावाच्या गावात ग्रीक आणि तुर्क अजूनही एकत्र राहतात.

याचं मोल काय? एक तर खरं, माणसं वाचली. १९७४ नंतर तसं युद्ध पुन्हा झालं नाही. ही किंमत कमी समजू नका. पण दुसरी बाजूही पाहा. रोज रक्त सांडत नाही, म्हणून पुढाऱ्यांना घाईही नाही. समेट करायचा तर काही सोडावं लागतं, आणि सोडणाऱ्याला घरचेच लोक भेकड म्हणतात. त्यापेक्षा रेघ राहू दे, हे सोयीचं. २००४ साली राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या योजनेवर दोन्हीकडं मतदान झालं. तुर्कांपैकी सुमारे पासष्ट टक्क्यांनी होकार दिला, ग्रीकांपैकी सुमारे शहात्तर टक्क्यांनी नकार. नकार देणाऱ्यांचीही कारणं होती. गमावलेली घरं परत मिळण्याची, परकी फौज निघून जाण्याची पक्की हमी त्यांना दिसेना. तुर्कांच्या मनातली भीतीही खरी होती. पण बांध तिथंच राहिला.

आता परत ग्रीन लेन्सवर येऊ. परदेशी गेलेल्या माणसाची एक गंमत असते, आणि ती मी स्वतःवरूनच सांगतो. तो ज्या दिवशी गाव सोडतो, त्या दिवशी त्याच्या मनातलं गाव थांबतं. रस्ते बदलतात, माणसं मरतात, नवी सरकारं येतात, पण त्याच्या डोक्यात मात्र तेच वर्ष चालू राहतं. मायदेशाच्या राजकारणावर तो मोठ्या तावातावानं बोलतो. बोलायला त्याचं काय जातं? दंगल झाली तर त्याचं दुकान जळणार नाही, त्याच्या पोराला पहाऱ्यावर जावं लागणार नाही. म्हणून दूरच्या माणसाचा कडकपणा स्वस्त असतो. आम्ही मराठी माणसं जमलो की आमचंही तेच. चहाच्या कपावर इकडचे सारे प्रश्न दहा मिनिटांत निकालात.

पण त्याच माणसाकडून एक चांगलीही गोष्ट शिकावी. जे दोघे आपल्या बेटावर एका गल्लीत राहू शकत नाहीत, तेच परक्या शहरात चार दुकानांच्या अंतरावर राहतात, सुटे पैसे उसने देतात, आजारी पडला तर एकमेकाची शटरं ओढतात. म्हणजे वैर रक्तात नसतं. तिथं दोघांना एकच कायदा, एकच नगरपालिका, दोघांच्याही मालाला तेच गिऱ्हाईक. कुणी कुणाच्या वाट्याची मोजदाद करत नाही.

आणि खुद्द बेटावरही हे दिसतं. निकोसिया दुभंगलं, पण सांडपाण्याला रेघ कुठली ठाऊक? ते उतारानं वाहतं. तेव्हा १९७८ च्या सुमारास दोन्ही भागांचे नगराध्यक्ष, ग्रीकांकडचे लेल्लोस दिमित्रियादिस आणि तुर्कांकडचे मुस्तफा अकिंजी, एकत्र बसले आणि शहराचं गटार एकच राहील असं ठरवलं. पुढाऱ्यांचं जमेना, पण गटाराचं जमलं. दुसरं उदाहरण हरवलेल्या माणसांचं. त्या दंगलींत आणि लढाईत नाहीशी झालेली २००२ माणसं यादीत आहेत, १५१० ग्रीक आणि ४९२ तुर्क. दोन्हीकडचे तरुण शास्त्रज्ञ एका पथकात काम करतात, जमीन उकरून हाडं शोधतात, ओळख पटवतात आणि ज्याची त्याला देतात. हजाराहून जास्त घरांना अशी आपली माणसं अंत्यसंस्काराला मिळाली. आईला मुलाची हाडं देताना ती कुणाच्या हातानं खणली, हे कुणी विचारत नाही.

२००३ साली रेषेवरची फाटकं प्रथम उघडली, तेव्हा हजारो लोक आपलं सोडलेलं घर पाहायला पलीकडं गेले. कित्येकांना दारात दुसराच माणूस भेटला, आणि तोही कुठून तरी उठून आलेला. कुणी रडलं, कुणी कॉफी घेतली, कुणी जपून ठेवलेले जुने फोटो परत दिले. बांध हलला नाही, पण बांधापलीकडं भूत नाही, माणूस आहे, एवढं त्या दिवशी दोघांनाही कळलं.

तेव्हा वाचकहो, शांतिसेनेचा शिपाई हा आपल्या पोलीसपाटलासारखा. त्यानं वेळेवर येऊन मध्ये उभं राहावं, यासाठी त्याचे उपकार मानावेत. पण त्याच्या भरवशावर आपण निजू नये. तो वेळ देतो, समेट देत नाही. मिळालेल्या वेळात मोजणीला जायचं की बांधावर बाभळी वाढू द्यायच्या, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तुमच्या गावात असा एखादा बांध असेल, शिवारातला नाही तर दोन आळ्यांमधला, तर पाटील उभे आहेत तोवरच एकदा पलीकडं जाऊन या. सुरुवातीला सगळा तंटा काढू नका. गटाराचंच बोला.