धान्यांचे देशाटन – लेखांक 6 : नागलीची उकड आणि हबशी भाकरी

गेल्या आठवड्यात बाजरीचा माग काढीत आपण सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठापर्यंत जाऊन आलो. आज त्याच खंडाच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखाची वार्ता सांगावयाची आहे, आणि तिचा आरंभ करण्यासाठी कळवण तालुक्याची हद्द ओलांडण्याचेही प्रयोजन नाही. तालुक्याच्या पश्चिमेस, सुरगाण्याच्या अंगाला जी चढणीवरची गावे आहेत, तेथे उन्हाळ्यात राब भाजून, पहिल्या पावसावर त्यात रोपे वाढवून, मग उतारावरच्या वरकस जमिनीत जी नागली लावली जाते, ती मूळची या भूमीची नव्हे. इथिओपियापासून युगांडापर्यंत पसरलेल्या उंच प्रदेशात प्रथम लागवडीस आलेले हे धान्य काही सहस्र वर्षांपूर्वी आपल्याकडे आले, आणि एवढ्या प्रदीर्घ वहिवाटीनंतर त्याच्या मालकीचा दाखला कोणत्या दप्तरात आहे, हे विचारण्याचे आता कोणालाही कारण उरलेले नाही.

परंतु माहेरी राहिलेल्या नागलीचे पुढे काय झाले, हा प्रश्न उरतोच. इथिओपियात तिला दागुसा म्हणतात. तेथील मुख्य अन्न जे इंजेरा, ते उत्तम प्रतीचे व्हावयाचे तर तेफ नावाच्या, खसखशीशी स्पर्धा करणाऱ्या सूक्ष्म धान्याचे व्हावे, असा संकेत आहे. तथापि ज्या भागात तेफ महाग किंवा दुर्मिळ, तेथे ज्वारी, मका, जव आणि देशाच्या वायव्य भागात ही दागुसाच तेफात मिसळून किंवा स्वतंत्रपणे वापरली जाते. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पातळ पिठाची, सुमारे अर्धा मीटर व्यासाची, एकाच बाजूने भाजलेली मऊ भाकरी. मिताद नावाच्या मातीच्या सपाट तव्यावर मोहरीच्या कुळातील एका वनस्पतीच्या बियांची पूड घासून, त्यावर कडेकडून मध्याकडे फेर धरीत पीठ ओतावयाचे. पृष्ठभागावर असंख्य छिद्रे उमटू लागली की झाकण घालावयाचे. या छिद्रांना तेथील लोक डोळे म्हणतात, आणि ज्या भाकरीस डोळे अधिक, तिची प्रतिष्ठा अधिक.

येथे जिज्ञासू वाचकास एक शंका येईल. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन हे चिवट प्रथिन असते. आंबण्याच्या क्रियेत निर्माण होणारा वायू त्याच्या जाळ्यात अडकतो, आणि म्हणून पाव फुगतो. नागलीत हे प्रथिन नाही. मग जाळ्यावाचून वायू धरला कसा जातो, आणि भाकरी थंड झाल्यावरही मऊ कशी राहते?

याचे उत्तर मला ग्रंथात वाचण्यापूर्वी आमच्या शेजारच्या मावशींच्या चुलीपाशी मिळाले होते, हे मात्र ते वाचल्यानंतर ध्यानात आले. नागलीची भाकरी करताना त्या पाण्याला आधण आणतात, त्यात पीठ वैरतात, उलथण्याच्या टोकाने ढवळून झाकण ठेवतात आणि ती उकड परातीत काढून, हाताला चटके बसत असतानाच मळतात. गार पाण्यात पीठ का भिजवीत नाही, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधणाबिगर नागली ऐकत नाही, भाऊ." शास्त्राची भाषा निराळी, आशय तोच : सुमारे 65 ते 75 अंश सेल्सिअस उष्णतेस पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची खळ होते, आणि ग्लुटेनने जे बांधावयाचे ते ही खळ बांधते. इथिओपियातील गृहिणीही आंबलेल्या पिठाचा थोडा भाग काढून, पाण्यात शिजवून, दाट झाल्यावर पुन्हा मूळ पिठात मिसळते. तिच्या भाषेत या उकडीचे नाव अब्सित.

आता प्रत्यक्ष कृती. बारीक दळून वस्त्रगाळ केलेले नागलीचे पीठ 2 वाट्या, ज्वारीचे 1 वाटी, पाणी साडेतीन वाट्या आणि विरजणादाखल आंबोळीचे आंबलेले पीठ 2 चमचे, हे मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवून झाकून ठेवावे. वैशाखात एक-दीड दिवस पुरतो. पौषात, गिरणेवरचा गार वारा घरात शिरत असता, तीन दिवसही लागतात. आंबट वास येऊन बुडबुडे दिसू लागले, की वर साचलेले पाणी हळूच निथळून घ्यावे. इथिओपियात त्यास इर्शो म्हणतात आणि पुढील खेपेच्या विरजणासाठी राखून ठेवतात. बुरशी दिसल्यास मात्र सगळे पीठ निःसंकोच टाकून द्यावे. नंतर 1 वाटी पीठ 1 वाटी पाण्यात शिजवून, सतत ढवळून, कोमट झाल्यावर परत मिसळावे, चवीपुरते मीठ घालावे आणि दोन तास स्वस्थ बसू द्यावे.

भाजण्यासाठी मी प्रथम आमच्याकडील मांड्यांचे खापर घेतले, आणि त्याची पाठ घुमटासारखी असल्याचा विसर पडल्याने पहिली भाकरी चुलीतील निखाऱ्यांच्या स्वाधीन केली. सपाट बिडाचा तवा घ्यावा, तो मध्यम तापवावा, पीठ ओतावे, डोळे उघडताच दोन मिनिटे झाकावे, उलटू नये. कडा सुटल्या की भाकरी फडक्यावर पसरावी आणि पुरती निवेपर्यंत दुसरीवर रचू नये, अन्यथा वाफेने दोन्ही चिकटतात.

सोबत काय वाढावे, याची चिंता करण्याचे कारण नाही. इथिओपियात इंजेरावर शिरो वाढतात, म्हणजे हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या पिठाचे मसालेदार कालवण; आपण त्याला पिठले म्हणतो. मी सुरळी करून एक घास मावशींना दिला. तो बराच वेळ चघळून त्यांनी निकाल दिला : "आंबट लई झाली. पण उकड बरी निघाली." दूरच्या मुलखातील ज्या रीतीचे मी एवढे विवेचन केले, तिचे नावही त्यांच्या कानावर गेलेले नव्हते, परंतु तिचे मर्म त्यांच्या जिभेने एका घासात ओळखले.

पुढील लेखांकात ज्वारी, आणि तिच्यासाठी सुदानचा प्रवास.