तारेतला पंचम

वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि वरचा पंखा घूंऽऽ करायला लागला, हा अनुभव बहुतेकींना असेल. पंखा बिघडला म्हणून वायरमनला बोलवावं, तर तो यायच्या आत वीज येते आणि पंखा पुन्हा शहाण्यासारखा फिरायला लागतो. दोष पंख्याचा नसतोच. त्याला मिळालेल्या विजेचा असतो.

हे समजायला तंबोरा आठवा. षड्जाची तार छेडली की एकटा षड्ज उमटत नाही. मूळ कंपाच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट वेगाचे कंपही तिच्यात असतात. तिप्पट म्हणजे वरचा पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. चांगला जुळलेला तंबोरा असला, तर कुणी न छेडलेला हा गंधार खर्जाच्या तारेतून ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ह्या पटींनाच इंजिनिअर मंडळी ‘हार्मोनिक्स’ म्हणतात.

आपल्या घरची वीजही सेकंदाला ५० हेलकावे घेते. हेलकावा कसा हवा, तर झोपाळ्यासारखा, अलगद चढणारा-उतरणारा. त्यात १५०, २५०, ३५० अशा पटींची भेसळ झाली, की लाट वेडीवाकडी होते. तंबोऱ्यात जे गोड, तेच विजेच्या तारेत नकोसं! स्वस्तातल्या पुष्कळ इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, आणि चौकोनी लाटेत तिप्पट कंपाचा जोर मूळ कंपाच्या एक तृतीयांश असतो. पंख्याच्या मोटरला तो उपयोगी पडत नाही; तो घरघरीत आणि उष्णतेत जातो. म्हणून इन्व्हर्टर घेताना ‘साइन वेव्ह’ आहे ना, एवढं विचाराच. रेग्युलेटरचंही तसंच. गोल फिरवून वेग हवा तसा कमी-जास्त करायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाटेचा तुकडाच कापतो. टप्प्याटप्प्यांचा, कपॅसिटरवाला घेतलात तर गुणगुण कमी.

आवाज एक वेळ चालवून घेता येतो. आवाज न करणारी गोष्ट जास्त काळजीची आहे.

एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्ही, कॉम्प्युटर ह्यांपैकी बरीच यंत्रं वीज सलग घेत नाहीत, लाटेच्या माथ्यावर तेवढी ओढून घेतात. नळाला पाणी आलं की साऱ्या चाळीनं एकदम बादल्या लावाव्यात, तसं. एका दिव्याचं काही नाही हो, पण इमारतीत असे शेकडो. मोठ्या इमारतीला तीन फेज असतात आणि घरं त्यांत वाटलेली असतात. तिन्हींचे हेलकावे मागेपुढे असल्यामुळे, भार सारखा असेल तर परतीच्या सामाईक तारेत, म्हणजे न्यूट्रलमध्ये, ते एकमेकांना पुसून टाकतात. ह्याच भरवशावर पूर्वी पुष्कळ ठिकाणी न्यूट्रल बारीक घातली. पण तिप्पट कंप तिन्ही फेजमध्ये एकाच ठोक्यावर येतात. ते पुसले जात नाहीत, त्यांची बेरीज होते! मग न्यूट्रलमधून कधी कधी फेजपेक्षाही जास्त प्रवाह वाहतो. इमारतीच्या मुख्य न्यूट्रलवर फ्यूज ठेवत नाहीत (आणि ते योग्यच आहे), म्हणून ती तापली तरी काही उडत नाही, कुणाला कळत नाही.

तापून तापून तिचा जोड जळाला, तर मात्र पंचाईत. २३० व्होल्टच्या जागी एखाद्या घरात ४०० च्या जवळपास दाब जातो, फ्रिज-टीव्ही जळतात. दुसऱ्या घरात दिवे मिणमिणतात.

सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडणं होतात, मीटरच्या खोलीवर दोन मिनिटं कुणी बोलत नाही. आपण विचारावं. वायरिंग नवं होत असेल तर न्यूट्रल निदान फेजइतकी जाड आहे का? तिचे जोड परवानाधारक वायरमनने, संध्याकाळी सगळ्या घरी दिवे असताना, कधी तपासलेत का? स्वतः मात्र तिथे हात घालू नका. आणि घरातले दिवे अचानक फार प्रखर किंवा फार मंद झाले, तर कारण शोधत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग शेजारीही तसंच सांगा.