पत्ता नसलेले विद्यार्थी

शाळेच्या नोंदवहीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावासमोर त्याचा पत्ता लिहिलेला असतो. आपण तो सहज सांगतो. त्यात विशेष काही आहे, असे आपल्याला वाटतही नाही. परंतु मोठ्या शहरांतून अशी पुष्कळ मुले आहेत, की ज्यांना पत्ता विचारला असता काय सांगावे हेच कळत नाही. पुलाखालची जागा, स्थानकाजवळचा पदपथ किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीचा आडोसा, हेच त्यांचे घर. आज येथून उठवले, तर उद्या दुसरीकडे पथारी पसरावयाची. अशा मुलाने शाळेत जावयाचे ठरवले, तरी जन्माचा दाखला कोठून आणावा?

२००२ साली घटनादुरुस्ती होऊन ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठी २००९ साली झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा पुरावा नाही, ह्या कारणास्तव शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, तरी नव्या शाळेने मुलाला बाहेर ताटकळत ठेवता कामा नये. दहा वर्षांच्या मुलाने पूर्वी कधी पाटीही धरलेली नसली, तरी त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावे आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढावा, असेही हा कायदा सांगतो. ही तरतूद मोठी शहाणपणाची होय. थोराड मुलाला चिमुकल्यांच्या ओळीत बसवले, तर ते लाजेनेच चार दिवसांत पळून जाईल!

तथापि दार उघडे असले, म्हणजे मूल आत येतेच असे नाही. रहदारीच्या दिव्यापाशी गजरे विकणारा मुलगा शाळेत गेला, तर त्या दिवशी चूल कशी पेटावी? ठाण्यास तीन हात नाक्यावरील उड्डाणपुलाखाली अशी कुटुंबे राहत होती. दुष्काळी भागातून ती पोटासाठी आलेली. तेथील मुलांसाठी २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठ ह्या संस्थेने ठाणे महानगरपालिकेच्या साहाय्याने त्या पुलाखालीच 'सिग्नल शाळा' उघडली. माल वाहून नेण्याच्या लोखंडी कंटेनरात वर्ग भरू लागला. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. आल्यावर मुलांनी आधी आंघोळ करावयाची, स्वच्छ गणवेश घालावयाचा, मग धडा. २०१८ साली तेथील दोन विद्यार्थी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले.

पण कुटुंबच दुसरीकडे गेले तर? अमेरिकेत बेघर मुलांच्या शिक्षणासाठी १९८७ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या आजच्या स्वरूपानुसार, निवारा बदलला तरी मुलाच्या हिताचे असल्यास त्याला पहिल्याच शाळेत राहता येते आणि त्याच्या जाण्यायेण्याची सोय करून द्यावी लागते. घर गेले, तरी ओळखीच्या बाई, नेहमीचा बाक आणि सवंगडी सुटू नयेत, हा त्यामागील विचार. आपल्या राज्यात कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांकरिता शिक्षण हमी कार्ड काढण्यात आले आहे. ते दाखवले, की नव्या गावच्या शाळेने त्या मुलाला वर्गात बसवून घ्यावयाचे असते.