कानाला सोसेल असा हेडफोन

बारावीचा निकाल लागला की आपल्या रामाकोना-सौंसर भागात काही घरांतून एक नवी वस्तू येते. ती म्हणजे लॅपटॉप. मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या मुलामुलींना मध्य प्रदेश शासन लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देत आले आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात राज्यातील ९४ हजारांवर विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. लॅपटॉप घेताना घरची सगळी मंडळी विचार करतात. शेजारच्या मास्तरांना विचारतात, नागपूरच्या भाच्याला फोन लावतात. हेडफोन मात्र पिशवी बांधता बांधता घेतला जातो, बैलाबरोबर कासरा घ्यावा तसा.

आम्हीही तसेच केले. काउंटरवर टांगलेला लाल रंगाचा, अडीचशे रुपयांचा हेडफोन मुलीसाठी घेतला. खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' असे ठळक छापलेले होते. पंधरा दिवसांत तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि संध्याकाळी डोके दुखू लागले. ती चष्मा लावते. चष्म्याची दांडी एका बाजूला आणि हेडफोनची कडक गादी दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये कान चेपला जाई. एका दुपारी आम्ही संत्र्याला पाणी सोडून घरी आलो, तर तिच्या कानावरच्या हेडफोनमधून वर्गातील सरांचा आवाज आम्हांला दारात ऐकू येत होता. खोलीत कूलर चालू होता आणि तिने आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. "कमी केला तर शब्द कळत नाहीत, बाबा," असे तिने सांगितले. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करू लागलो. ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

कोंबडीचा कान आणि माणसाचा कान

आपल्या कानाच्या आत, खोलवर, गोगलगायीच्या शंखासारखी एक लहानशी पोकळी आहे. तिच्यात बारीक केसाळ पेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. मोठा आवाज बराच वेळ सोसावा लागला की या पेशी थकतात. विश्रांती मिळाली तर काही सावरतात, पण तोच मार रोज बसला तर मरतात. १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की कोंबडी आणि बटेर यांच्या कानात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी उगवतात. अंगणातील कोंबडीला जे साधते ते माणसाला साधत नाही. आपल्या कानातील पेशी गेली की गेली.

प्रथम जातात त्या बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी. स, श, फ, थ ही अक्षरे त्यांच्यावरच अवलंबून असतात. म्हणून असा माणूस "ऐकू येते, पण कळत नाही" असे म्हणतो. घरच्यांना वाटते की तो लक्ष देत नाही. वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालवलेल्या आपल्या कित्येक बांधवांची ही तक्रार आहे, आणि ती वयावर ढकलली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याची मर्यादा ठरवून दिली आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत, आणि मुलांनी तितकेच तास ७५ डेसिबलपर्यंत ऐकावे. आपले नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. आता यातील मेख समजून घ्यावी. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ७५ ला ४० तास, तर ७८ ला २० तास, आणि ८५ ला जेमतेम ४ तास, तेही सबंध आठवड्याचे. रोज पाच तास वर्ग ऐकणारे मूल आवाज ८५ वर ठेवील, तर सोमवारीच त्याचा आठवड्याचा वाटा संपतो. शिवाय कानाची वही एकच असते. सकाळी थ्रेशरजवळ उभा राहिलेला मुलगा दुपारी हेडफोन लावतो, तेव्हा दोन्ही आवाज एकाच खात्यावर चढतात.

लॅपटॉपवर डेसिबल दिसत नाहीत, टक्के दिसतात. आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये हा ढोबळ नियम बरा आहे. पण हेडफोन बदलला की साठ टक्क्यांचा आवाजही बदलतो. म्हणून घरची परीक्षा अशी करावी. मुलाने हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात त्याला हाक मारावी. त्याला ती मुळीच ऐकू गेली नाही, किंवा त्याच्या हेडफोनमधील शब्द आपल्याला कळू लागले, तर आवाज जास्त आहे असे समजावे.

आराम आणि चांगला आवाज

हेडफोन घेताना लोक आराम वेगळा मोजतात आणि आवाज वेगळा. आमच्या मते या दोन गोष्टी एकाच मुळाच्या आहेत. गादी कानाभोवती नीट बसली नाही की फट राहते. फटीतून प्रथम खर्जाचा, भरीव आवाज निसटतो. उरलेला आवाज पातळ, पत्र्यासारखा लागतो. त्याच फटीतून कूलरची घरघर आत येते. मग ऐकणारा आवाज वाढवतो. कान दुखतो म्हणून हेडफोन थोडा सैल करतो, फट आणखी वाढते, आवाज आणखी चढतो. आमच्या घरी नेमके हेच झाले होते.

हेडफोनचे ढोबळ तीन प्रकार आहेत. एक, कानाच्या भोकात बसणारे छोटे इअरफोन. दुसरा, कानाच्या पाळीवर टेकणारा. तिसरा, ज्याच्या वाटीत सबंध कान मावतो असा. रोज दोन-चार तास लॅपटॉपसमोर बसणाऱ्याने तिसरा घ्यावा, कारण त्याचा दाब कानावर न पडता कानाभोवतीच्या हाडावर पडतो. पाळीवर टेकणारा तासाभरात टोचू लागतो, आणि चष्मेवाल्याला तर तो शिक्षाच. भोकात बसणारे इअरफोन स्वस्त आणि हलके असतात, बाहेरचा आवाजही बरा अडवतात. पण पावसाळ्यात ओलसर कानात ते तासन्‌तास राहिले की बुरशीला आयते घर मिळते, आणि मळ आत ढकलला जातो. कान वाहत असेल त्याने ते वापरूच नयेत. एकाचे इअरफोन दुसऱ्याने लावू नयेत. भावंडांत हे हमखास होते.

मोठ्या वाटीचे हेडफोनही दोन तऱ्हांचे असतात, पाठ बंद असलेले आणि पाठीला जाळी असलेले. जाळीचे अधिक मोकळे आणि गोड वाजतात, कानही कमी तापतात. संगीताचे शौकीन त्यांनाच मान देतात. पण ते बाहेरचे सारे आत येऊ देतात आणि आतले बाहेर. ज्या घरात एकाच खोलीत कूलर, शिवणयंत्र आणि आजीचे बोलणे चालू असते, तेथे त्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे बंद पाठीचाच घ्यावा.

त्याची खोड म्हणजे उकाडा. एप्रिल-मे महिन्यांत नकली चामड्याची गादी घामाने चिकटते. कापडी गादी अधिक सोसवते, पण ती आवाज थोडा कमी अडवते. दोन्ही गुण एकत्र मागितले तर मिळत नाहीत. पाऊण तास झाला की हेडफोन काढून पाच-दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. तेवढ्यात कानातील पेशींनाही विसावा मिळतो.

बाहेरचा आवाज यंत्राने मारणारे हेडफोन निघाले आहेत, त्यांविषयी वाचक विचारतात. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये विमान प्रवासात सुचली. त्यांचे वडील कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते. वैमानिकांसाठी त्यांच्या कंपनीचा असा हेडफोन १९८९ मध्ये बाजारात आला. त्यातील छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या बरोबर उलट लाट सोडते, दोन्ही एकमेकींना खातात. कूलर, पंखा, आगगाडी अशी एकसारखी घरघर त्याने चांगली कमी होते. मुलाचे रडणे किंवा हॉर्न तितका कमी होत नाही. परवडत असेल तर वाईट नाही. पण नीट बसणारी साधी गादी बरेचसे काम फुकट करते.

लॅपटॉपला जोडताना

तारेचा की बिनतारी? वर्ग, मुलाखत, शेतीविषयक ऑनलाइन प्रशिक्षण यांसाठी आम्ही तारेचा घ्या असे सांगू. बिनतारी हेडफोन गाणे ऐकताना छान वाजतो. पण त्याचाच मायक चालू केला की पुष्कळदा त्याचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा बसतो. दोन्ही दिशांनी आवाज नेताना ब्लूटूथला दर्जा खाली आणावा लागतो म्हणून असे होते. मुले हेडफोन बिघडला म्हणून दुकानात परत नेतात, आणि बिघाड काहीच नसतो. बिनतारी घेतलाच असेल, तर आवाज हेडफोनमध्ये ठेवून मायक लॅपटॉपचा निवडावा.

तारेच्या हेडफोनची पिन पाहावी. पुष्कळ लॅपटॉपना आवाज आणि मायक यांचे मिळून एकच गोल छिद्र असते, आणि त्याला तीन काळ्या रेघांची पिन लागते. काही हेडफोनना मायकची आणि आवाजाची अशा दोन पिना असतात. त्यांना जोड-तार लागते, ती वेगळी घ्यावी लागते. यूएसबीचा हेडफोन या भानगडीतून सुटतो. लॅपटॉपचे गोल छिद्र खराब असले तरी तो चालतो. खोक्यावर ओहमचा आकडा असतो. तो १६ ते ३२ च्या आसपास असावा. अडीचशे ओहमचा हेडफोन स्टुडिओसाठी असतो, लॅपटॉपवर तो कुजबुजतो.

दुकानात

संत्र्याचे कलम घेताना आपण हिरव्या पानांवर भुलत नाही. खुंट जंबेरीचा आहे की नाही आणि डोळा जमिनीपासून किती उंचीवर बांधला आहे, हे वाकून पाहतो. खोक्यावरील '२० ते २०,००० हर्ट्झ' हे पान समजावे. ते बहुतेक सर्वांवर छापलेले असते आणि त्यावरून काही ठरत नाही.

सौंसरला घ्या की नागपूरला, ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला बरोबर न्यावे आणि चष्मा लावूनच घालून पाहू द्यावे. पंधरा मिनिटे डोक्यावर राहू द्यावा. दुकानदार घाई करील, तरी आपण करू नये. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ लागतात. खाली वाकून वहीत लिहिल्यासारखे करावे, घसरतो का ते कळते. हातात घेऊन वजन पाहावे. पाव किलोच्या वर गेला तर मान बोलू लागते. मग ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐकावे, मोबाइलवर आधी भरून नेलेले. आम्ही मुलीच्या सरांचा धडा आणि आपल्या गायनवृंदाची एक ध्वनिफीत नेली होती. आवाज निम्म्यावर ठेवून स आणि श स्वच्छ वेगळे कळतात का, पेटी आणि तबला एकमेकांत कालवले जात नाहीत ना, एवढे पाहावे. खर्ज छातीत धडधडला म्हणजे हेडफोन चांगला, असे नाही. फार फुगवलेला खर्ज शब्द झाकून टाकतो.

हजार-पंधराशे रुपयांत तारेचा बरा हेडफोन मिळतो. मुलीसाठी आम्ही तेवढ्याचाच घेतला. आता ती कूलर चालू असतानाही आवाज निम्म्याच्या खाली ठेवते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हेडफोन म्हणजे ट्रॅक्टरवर वापरायचे कानाचे कवच नव्हे. त्या कामाला आवाज अडवणारे इअर मफ वेगळे मिळतात, ते घ्यावेत. ट्रॅक्टरवर गाणी लावली तर इंजिनाच्या वर आवाज चढवावा लागतो, म्हणजे मार दुप्पट. आणि कानावर हेडफोन घेऊन रेल्वेमार्गाने चालू नये. आपली छोटी नॅरो गेज गाडी २०१५ मध्ये बंद झाली. आताच्या ब्रॉडगेज गाड्या तिच्यासारखी वाट पाहत नाहीत.

कानात कुंई असा आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर तेल घालत बसू नये. छिंदवाड्याच्या किंवा नागपूरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जावे. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांतच उपचार लागू पडण्याची आशा अधिक असते.

हेडफोनच्या गाद्या वर्ष-दीड वर्षात फाटतात. त्या सुट्या मिळतात का, हे घेतानाच विचारावे. आमच्या हेडफोनच्या मिळाल्या नाहीत. मग जुन्या धोतराच्या पातळ कापडाच्या दोन खोळी घरीच शिवल्या. उन्हाळ्यात त्या उलट बऱ्याच पडल्या, आणि आठवड्याला धुताही येतात.