स्ट्रेप्टोमायसीन : एका अपुऱ्या औषधाची थोरवी

पेनिसिलिनचा सर्वत्र बोलबाला झाला तेव्हाही क्षयरोग्याच्या पदरात काही पडले नव्हते. कारण रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगापुढे आणलेला क्षयाचा जंतू मेणचट आवरणाचा, संथपणे वाढणारा आणि पेनिसिलिनला दाद न देणारा होता. त्यामुळे विश्रांती, सकस आहार आणि आजारी फुप्फुस काही काळ मिटवून ठेवण्याची शस्त्रक्रिया यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

ही कोंडी अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्रात फुटली. मातीतील सूक्ष्मजीवांचे अभ्यासक सेलमन वॅक्समन यांचे तरुण विद्यार्थी आल्बर्ट शॅट्झ यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये तळघरातील प्रयोगशाळेत एका करड्या सूक्ष्मजीवाचे दोन वाण वेगळे केले; त्यांपैकी एक शेणखत घातलेल्या जमिनीतला, तर दुसरा कोंबडीच्या घशातला होता. या सूक्ष्मजीवापासून मिळालेले स्ट्रेप्टोमायसीन जंतूच्या पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला चिकटते आणि तेथे सदोष प्रथिने तयार होऊ लागतात. मेयो क्लिनिकमधील विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिनशॉ यांनी गिनीपिगांवर व नंतर रुग्णांवर त्याचा क्षयावरील गुण सिद्ध केला. पुढे श्रेयावरून गुरुशिष्यांत कोर्टकचेरी झाली आणि १९५० च्या तडजोडीत शॅट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली; तरीही १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना देण्यात आले, हा निर्णय आजही खटकतो.

या औषधाचे खरे मोल मात्र ब्रिटनमध्ये कळले. युद्धाने खंगलेल्या त्या देशाला डॉलरअभावी ते थोडेच विकत घेता आले, आणि सर्वांना पुरणार नसेल तर कोणाला द्यायचे हे नशिबावर सोडणे अन्यायाचे ठरत नाही, असा युक्तिवाद संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना करता आला. पाकिटबंद चिठ्ठ्यांनुसार १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. औषध घेणाऱ्यांना दर सहा तासांनी स्नायूत इंजेक्शन टोचले जाई. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४, तर दुसऱ्यात १४ मृत्यू झाले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी आधुनिक औषधचाचण्यांचा वस्तुपाठ मानली जाते.

तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. औषध घेतलेल्या बहुतेकांच्या थुंकीतील जंतू काही महिन्यांतच औषधाला पुरून उरू लागले, आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंमध्ये फारसे अंतर राहिले नाही. शिवाय कानातील तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊन अनेकांना चक्कर येई. स्वीडनचे यॉर्गन लेमन यांनी सुचवलेले पास हे औषध जोडीला दिल्यावर मात्र जंतूंचा प्रतिकार बराच आटोक्यात आला. एका औषधाला न जुमानणारे मोजके जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतात, हे त्यामागील साधे गणित होते. १९५२ मध्ये आयसोनियाझिडची भर पडली आणि क्षयाला एकटे औषध द्यायचे नाही, हा दंडक रूढ झाला.

गंमत अशी, की हा दंडक ज्याच्या अपयशातून जन्मला, त्याच औषधाच्या बाबतीत तो पुढे शिथिल झाला. रोग उलटलेल्या भारतीय रुग्णांना सरकारी कार्यक्रमात अनेक वर्षे जुन्याच गोळ्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसीनची २४ इंजेक्शने, आठवड्यातून तीनदा, दिली जात. जुन्या गोळ्यांना जंतू आधीच दाद देत नसतील, तर नवे औषध व्यवहारात एकटेच पडते, ही तज्ज्ञांची हरकत जुनी होती. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत बंद करण्यास सांगितले ते २०१७ मध्ये.