होडी घरची, वारा सर्वांचा

शरीर, हात आणि मैत्री या तिघांनाही एकाच वेळी कामाला लावणारे छंद फार थोडे आहेत. लहानशी शिडाची होडी स्वतःच्या हातांनी बांधावी आणि मित्रांसमवेत ती पाण्यावर न्यावी, हा त्यांपैकी एक. शिडाच्या होड्या म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असा समज सर्वत्र आढळतो. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका होडीने त्याला मोठाच तडा दिला.

त्या होडीचे नाव ‘मिरर’. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळावर ती लोकांपर्यंत पोचली. नामवंत होडी-रचनाकार जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती कारागिरीचे धडे देणारे बॅरी बकनेल या दोघांची ती निर्मिती. 1963 मध्ये तिच्या सुट्या भागांचा संच 63 पौंड 11 शिलिंगांना मिळू लागला. होडीची लांबी जेमतेम 11 फूट आणि वजन सुमारे 45 किलो. म्हणजे दोघांनी उचलून मोटारीच्या टपावर ठेवावी इतकीच. बांधणीची रीत शिवणकामाशी नाते सांगणारी होती. प्लायवूडच्या कापलेल्या तुकड्यांना कडेने बारीक छिद्रे पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना टाचायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची. सुतारकाम न शिकलेल्या माणसालाही हे साधू लागले. लाल शिडांच्या अशा 70 हजारांहून अधिक होड्या पुढे पाण्यावर उतरल्या.

अमेरिकेत 2003 मध्ये डेव्हिड राउथ यांनी ही कल्पना आणखी सोपी केली. त्यांची ‘पडल डक रेसर’ ही 8 फुटांची, पेटीसारख्या आकाराची होडी प्लायवूडच्या मोजक्या तक्त्यांत होते. शर्यतीसाठी नियम असा, की तळाचा आकार सर्वांचा सारखा असावा. शीड, सुकाणू आणि सजावट ज्याची त्याने ठरवावी. ताडपत्रीचे शीडही चालते. त्यामुळे पैशापेक्षा कल्पकतेला आणि विजयापेक्षा गमतीला अधिक मान मिळतो.

आरोग्याच्या दृष्टीने या छंदाचे मोल कोणते? वारा जोराचा असेल, तर होडी कलू नये म्हणून काठावर बसून शरीर बाहेर झुकवावे लागते. त्यात मांड्या, पोट आणि पाठ यांच्या स्नायूंना चांगलाच व्यायाम घडतो. मात्र मंद वाऱ्यात फारसे श्रम पडत नाहीत. म्हणून प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या आठवड्यातील किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाला हा पर्याय समजू नये; त्याची जोड समजावी.

खरा लाभ वेगळाच आहे. चाळिशीनंतर मित्रांच्या भेटी लग्नकार्यापुरत्या उरतात आणि एकटेपणा नकळत घर करतो. हा प्रश्न इतका गंभीर आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला. ‘भेटू एकदा’ असे म्हणून भेट होत नाही. भेटीला काम लागते. होडीची बांधणी दर रविवारी ते काम पुरविते. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते फळी घासताना सहज ओठांवर येते. पाण्यावर तर सोबत्यावाचून चालतच नाही. एकाच्या हाती सुकाणू, दुसऱ्याच्या हाती पुढच्या शिडाची दोरी. वाऱ्याचा झोत आला, की दोघांनी एकाच क्षणी झुकायचे. अशा वेळी दुसरा माणूस उतारू नसतो. होडीचा तोल त्याच्यावरही अवलंबून असतो. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव मनाला मोठा आधार देते.

आनंदाला शिस्तीची जोड मात्र हवीच. रेझिनमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. म्हणून हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे. घासकाम करताना योग्य मास्क लावावा. पाण्यावर लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालावेच, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही. घरी बांधलेल्या होडीत हवाबंद कप्पे असावेत, म्हणजे ती उलटली तरी बुडत नाही. तशी वेळ आल्यास काठाकडे पोहत न सुटता होडीला धरून राहावे. बचावासाठी येणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते. उलटलेली होडी सरळ करण्याचा सराव काठाजवळ, जाणत्याच्या देखरेखीखाली आधीच करावा. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन त्वचा भाजते. टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि पिण्याचे पाणी विसरू नये.

महाराष्ट्रात हा छंद जोपासू इच्छिणाऱ्यांनी प्रथम पोहणे आणि नंतर प्रशिक्षकाकडून शीड हाताळणे शिकावे. धरणाच्या जलाशयात उतरण्यापूर्वी संबंधित विभागाची परवानगी घ्यावी. पुराच्या दिवसांत आणि विसर्गाच्या वेळी पाण्यापासून दूरच राहावे. आरंभाला दोन-तीन मित्र आणि आठवड्यातील एक ठरलेली सकाळ पुरेशी आहे. होडी पुरी व्हायला वर्ष लागले तरी बिघडत नाही. तेवढ्या सकाळी मित्रांची भेट तर नक्कीच होईल.