सोड्याच्या नळीला फिटिंग कोणते?

आजचा प्रश्न पापनाशमजवळच्या एका गावातून आला आहे. विचारणारे कुटुंब तंजावर मराठी. घरच्यासाठी पन्नीर सोडा आणि आल्याचा सोडा करायचा आहे, स्टीलचे पिंप व गॅसचा सिलिंडर आणला आहे, आता नळ्या जोडायच्या आहेत. (पन्नीर म्हणजे तमिळमध्ये गुलाबपाणी. आपले पनीर मनात आणू नका!) परदेशी व्हिडिओंत हीच सामग्री घरी बिअर करण्यासाठी दाखवतात. तामिळनाडूत परवान्याशिवाय मद्य बनवणे १९३७ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे आपण सोड्यापुरतेच बोलू.

सर्वांत आधी पितळेचा विषय, कारण तो तब्येतीचा आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की पाणी आम्लधर्मी होते. असे पाणी पितळेच्या किंवा तांब्याच्या जोडात रात्रभर उभे राहिले, तर तांबे त्यात उतरते. सकाळच्या पहिल्या ग्लासाने मळमळ, उलटी होऊ शकते. लहान मुलांना जास्त. सिलिंडरच्या बाजूला कोरडा गॅस असतो, तिथे पितळेचा रेग्युलेटर चालतो. पण गॅस पाण्याला भेटला, की तिथून नळापर्यंत प्रत्येक नट, प्रत्येक निपल स्टेनलेसचाच हवा. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी उलटे पितळेकडे जाणार नाही. दुकानदार 'एकच तर जोड आहे, पितळेचा घ्या' म्हणेल. घेऊ नका.

आता मापाचा घोळ. 'अर्धा इंची द्या' असे मागितले, तर दोन वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो, तर अर्धा इंची ट्यूबचा १२.७. ट्यूब नेहमी बाहेरच्या व्यासाने मोजतात. म्हणून व्हर्नियर घेऊन जा किंवा नळीचा तुकडाच खिशात ठेवा.

आट्यांचा घोळ याहून फसवा. आपल्याकडे बीएसपी आटे चालतात, अमेरिकन सामानावर एनपीटी. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ च आटे, त्यामुळे नट सुरुवातीला छान फिरतो. पण एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०. कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा, दाबाखाली गळणार.

जोडाचा प्रकार ठरवताना मी एकच विचारतो: हा जोड किती वेळा उघडायचा? गॅसच्या बाजूला क्वचितच, म्हणून तिथे फेरुलचे कॉम्प्रेशन फिटिंग. नळी कटरने सरळ कापा, कडेचा बर काढा, तळाला टेकेपर्यंत आत सारा. दोन फेरुलच्या चांगल्या फिटिंगला, पाव इंच ते एक इंच नळीसाठी, नट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने सव्वा फेरा देतात. तिथे टेप लावायची नाही. धातू धातूवर बसूनच ते बंद होते.

सरबत जिथून वाहते, तिथे मात्र ट्राय-क्लॅम्प. महाग आहे, पण हाताने उघडतो आणि आतून गुळगुळीत असतो. आट्यांच्या खाचेत साखरेचा पाक अडकला, की तंजावरच्या उकाड्यात दोन दिवसांत वास मारतो. त्याचे सिलिकॉनचे गॅस्केट दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवा.

स्टीलची प्रत ३०४ पुरे. नागपट्टिनम, वेदारण्यम बाजूला खारा वारा आणि पाणीही खारे, तिथे ३१६ परवडत असेल तर घ्या. लोहचुंबक लावून खात्री करतात, ती फसवी आहे. २०२ प्रतीच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. पावतीवर प्रत लिहून घ्या. धुताना ब्लीचिंग पावडर नको, क्लोरीनने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात.

सिलिंडर उभा, बांधून, सावलीत आणि हवेशीर जागी. ३० अंशांना त्यात सुमारे ७२ बार दाब असतो, म्हणजे मोटारच्या टायरच्या तीसपट. उन्हात तो झपाट्याने चढतो. म्हणून रेग्युलेटरशिवाय पिंपाला जोडायचाच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, बंद खोलीत जमिनीलगत साठतो.

सगळे जोडून झाले, की पिंपात साधे पाणी भरून दाब द्या आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा. बुडबुडा दिसला तर दाब आधी पूर्ण सोडा, मगच पान्याला हात लावा. नंतर सिलिंडर बंद करून रात्रभर तसेच ठेवा. सकाळी काटा खाली आलेला दिसला, तर पाण्याने थोडा गॅस शोषलाही असेल. पिंप हलवून दाब पुन्हा भरा आणि फेस पुन्हा लावून बघा.